घरातील कमकुवत मोबाइल सिग्नल : बूस्टर बसविण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या बाबी

भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेमार्फत दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसृत केला जातो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप वीज कोसळण्याच्या धोक्याची पूर्वसूचना देते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जेथे स्थानिक आपत्तीची जोखीम समाविष्ट आहे, तेथे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पीएम-किसानची ई-केवायसी असो वा शासकीय अनुदानाचा अर्ज असो, अनेकदा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. या सर्व सेवा शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतात त्या मोबाइलच्या सिग्नलवरून. मात्र सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांपासून हिमालयाच्या उतारांपर्यंत अनेक गावांत फोन अंगणात लागतो आणि माजघरात लागत नाही, ही नित्याची तक्रार आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर या नावाने मिळणारे उपकरण विकत घेण्याकडे कल वाढत आहे. काही हजार रुपयांत मिळणारे हे उपकरण घरी बसविणे अवघड नाही. तथापि भारतात खासगी व्यक्तीने ते बाळगणे व वापरणे बेकायदेशीर आहे, आणि त्याचा उपद्रव सर्वप्रथम आपल्याच गावातील शेजाऱ्यांना होतो. असे का घडते आणि घरातील रेंज सुधारण्याचे वैध मार्ग कोणते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

सिग्नल कसा मोजावा?

फोनवरील दांड्या हे सिग्नलचे ढोबळ माप आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे हँडसेट एकाच जागी निरनिराळ्या दांड्या दाखवितात. त्यामुळे प्रत्यक्ष मोजमापासाठी ‘डीबीएम’ हे एकक वापरावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती पाहिल्यास हा आकडा दिसतो. तो ऋण असतो. म्हणजे उणे ८५ हा सिग्नल उणे १०५ पेक्षा चांगला.

फोर-जी सेवेसाठी पुढील ढोबळ वर्गवारी उपयोगी पडते.

• उणे ९० किंवा त्याहून चांगला : संभाषण व इंटरनेट दोन्ही व्यवस्थित चालतात.
• उणे ९० ते उणे १०५ : संभाषण होते, इंटरनेटचा वेग मध्यम राहतो.
• उणे १०५ ते उणे ११५ : आवाज तुटतो, छायाचित्रे पाठविण्यास विलंब होतो.
• उणे ११५ पेक्षा खाली : सेवा केव्हाही खंडित होऊ शकते.

हे मापन पटींमध्ये चालते, हे ध्यानात ठेवावे. ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुप्पट फरक आणि १० डेसिबलचा फरक म्हणजे दहापट फरक. उणे ९० वरून उणे ११० वर आलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या शंभराव्या भागाइतकाच उरलेला असतो.

सिग्नल घरात का शिरत नाही?

मोबाइलच्या लहरींना धातूचा अडथळा सर्वाधिक होतो. पत्र्याच्या छपरावर पडलेल्या लहरी जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतात. पत्र्याच्या घरात जो सिग्नल पोहोचतो तो दारे-खिडक्यांतूनच. साध्या विटांच्या एका भिंतीतून जाताना साधारणतः ५ ते १० डेसिबल सिग्नल कमी होतो. जांभ्या दगडाच्या किंवा जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत ही घट याहून अधिक असते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब, माळवदाचा मातीचा थर, घराभोवतीची दाट झाडी व उभा ऊस यांचाही परिणाम होतो. पावसाळ्यात ओल्या पानांमुळे ही घट वाढते.

दुसरा घटक वारंवारतेचा. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून तुलनेने सहज पार होतात. १८००, २१०० व २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात. एकाच घरात एका कंपनीचा फोन लागतो व दुसऱ्या कंपनीचा लागत नाही, याचे एक कारण हेच असते. हँडसेट तो विशिष्ट पट्टा पकडण्यास सक्षम असणेही आवश्यक आहे. उदाहरणार्थ, बीएसएनएलची फोर-जी सेवा ७०० व २१०० मेगाहर्ट्झ पट्ट्यांत दिली जाते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा नसलेल्या जुन्या हँडसेटला त्या सेवेचा पूर्ण लाभ मिळत नाही.

तिसरी बाब बहुधा दुर्लक्षित राहते. संभाषण दुतर्फा असते. टॉवर २० ते ४० वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, तर फोर-जी फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती सुमारे ०.२ वॅट असते. त्यामुळे टॉवरचे बोलणे फोनला ऐकू येते, पण फोनचे बोलणे टॉवरपर्यंत पोहोचत नाही, अशी स्थिती उद्भवते. दांड्या दिसूनही फोन न लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. दूर असलेल्या दुर्बळ फोनचे बोलणे ऐकता यावे म्हणून टॉवरवरील रिसीव्हर अत्यंत संवेदनशील ठेवलेला असतो. बूस्टरचा उपद्रव नेमका याच ठिकाणी होतो.

बूस्टरचे कार्य आणि त्याचा उपद्रव

बूस्टरमध्ये तीन भाग असतात : छपरावरील बाह्य अँटेना, सिग्नलची शक्ती वाढविणारे प्रवर्धक यंत्र आणि खोलीतील अंतर्गत अँटेना. बाह्य अँटेना टॉवरचा सिग्नल घेते, प्रवर्धक तो वाढवितो व अंतर्गत अँटेना तो खोलीत सोडते. फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नलही याच मार्गाने उलट दिशेने वाढविला जातो. ७० डेसिबल क्षमतेचे उपकरण सिग्नल एक कोटी पटीने वाढविते, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी.

ग्रामसभेत ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यासमोर माइक आला की कर्कश शिट्टी वाजू लागते. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून कर्ण्यातून बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. बूस्टरच्या दोन अँटेनांमध्ये पुरेसा आडोसा नसल्यास असेच घडते. दोन अँटेनांमधील विलगता ही प्रवर्धनापेक्षा किमान १५ डेसिबलने अधिक असावी, असा तांत्रिक दंडक आहे. म्हणजे ७० डेसिबलच्या उपकरणासाठी सुमारे ८५ डेसिबल विलगता हवी. दोन-तीन खोल्यांच्या घरात अँटेना एकमेकींपासून तीन-चार मीटरवर बसविल्यास ती क्वचितच मिळते. मग उपकरण स्वतःच अखंड ‘शिट्टी’ वाजवू लागते. ही शिट्टी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, परंतु टॉवरच्या संवेदनशील रिसीव्हरला ती सतत ऐकू येते.

शिट्टी वाजली नाही तरी स्वस्त उपकरणे संपूर्ण पट्ट्यातील सिग्नलसोबत गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवितात. गोंगाट वाढला की टॉवर सर्व फोनना अधिक शक्तीने बोलण्याची सूचना देतो. टॉवरजवळील फोन ती पाळू शकतात. मात्र वाडी-वस्तीवरील, शेतातील किंवा डोंगराआडचे जे फोन आधीच कमाल शक्तीने प्रक्षेपण करीत असतात, त्यांचा आवाज गोंगाटात बुडून जातो. परिणामी ज्या शेतकऱ्याला रेंज मुळातच जेमतेम मिळत होती, त्याचा फोन बंद पडतो. रात्री सर्पदंश झालेल्या व्यक्तीसाठी रुग्णवाहिका बोलाविणारा फोनही त्यांतलाच एक असू शकतो. ज्याच्या घरी बूस्टर आहे त्याला मात्र आपल्यामुळे असे घडते आहे याची कल्पनाही नसते.

कायद्याची स्थिती

भारतीय तारयंत्र अधिनियम, १८८५ व भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियम, १९३३ यांनुसार परवान्याविना बिनतारी यंत्रणा उभारण्यास व बाळगण्यास मनाई करण्यात आली होती. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही दूरसंचार जाळे उभारण्यासाठी व रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी शासनाच्या प्राधिकाराची अट कलम ३ मध्ये घातलेली आहे. अशा प्राधिकाराविना जाळे उभारणाऱ्यास कलम ४२ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. केंद्रीय दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनेत परवानाधारक दूरसंचार सेवा कंपन्यांखेरीज अन्य कोणीही मोबाइल सिग्नल बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले आहे. उपकरण बाजारात मिळते, याचा अर्थ ते वापरण्यास परवानगी आहे असा होत नाही.

महाजालावरील अनेक चित्रफितींमध्ये बूस्टर बसविण्याची कृती दाखविलेली असते. त्यांतील बऱ्याच चित्रफिती अमेरिकेतील असतात. तेथील दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये नियम करून, जाळ्याला बाधा न आणणारी प्रमाणित उपकरणे कंपनीकडे नोंदणी करून वापरण्यास ग्राहकांना मुभा दिली. ब्रिटनमध्येही २०१८ पासून ठरावीक निकषांची उपकरणे परवान्याविना वापरता येतात. ती मुभा त्या देशांपुरती आहे. भारतात ती लागू होत नाही.

प्रथम निदान, मग उपाय

पिकावर फवारणी करण्यापूर्वी रोग ओळखावा लागतो, तद्वत येथेही कारण शोधणे आवश्यक आहे. एकच हँडसेट व एकच सिम घेऊन अंगण, छप्पर, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व गोठा अशा ठिकाणी डीबीएमचे आकडे नोंदवावेत. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळांच्या नोंदी तीन दिवस घ्याव्यात. शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही हीच नोंद करावी. या नोंदींवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अंगणात किंवा छपरावर सिग्नल चांगला असून घरात तो १५ डेसिबल किंवा अधिक घटत असेल, तर अडथळा घराच्या बांधकामाचा आहे.

२. छपरावरही आकडा उणे ११० च्या आसपास असेल, तर टॉवर दूर आहे किंवा मध्ये डोंगर आहे.

३. आकडा चांगला असून केवळ सायंकाळी इंटरनेट मंदावत असेल, तर टॉवरवर ग्राहकांची गर्दी आहे. यावर कोणत्याही बूस्टरचा उपयोग होत नाही.

४. वीज गेल्यानंतर काही वेळाने रेंज जात असेल, तर टॉवरची बॅटरी किंवा जनित्र अपुरे आहे. हा दोष कंपनीनेच दूर करावयाचा असतो.

घराच्या अडथळ्यावर वैध उपाय

वायफाय कॉलिंग : घरी फायबर जोडणी उपलब्ध असल्यास हा सर्वांत सोपा मार्ग होय. भारतात ही सेवा २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. हँडसेटच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू केल्यास नेहमीच्याच क्रमांकावरून होणारे संभाषण वायफायमार्गे जाते. आपली कंपनी, आपला हँडसेट व आपली योजना यांत ही सोय आहे याची खात्री करावी. बँक व शासकीय सेवांचे ओटीपी वायफायवर येतात किंवा कसे, हेही एकदा तपासून पाहावे. जाड भिंतींच्या घरात वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक दूर पोहोचतो.

छपरावरील सिम-राउटर : फायबर पोहोचलेले नाही, पण छपरावर सिग्नल मिळतो, अशा घरांसाठी हा पर्याय उपयुक्त आहे. या राउटरमध्ये सिमकार्ड बसते. तो टॉवरशी एखाद्या फोनप्रमाणेच बोलतो, टॉवरच्या आदेशानुसार आपली शक्ती कमी-अधिक करतो आणि घरात वायफाय पुरवितो. मोबाइलचा सिग्नल तो पुन्हा प्रक्षेपित करीत नाही; बूस्टर व सिम-राउटर यांतील मूलभूत फरक हाच आहे. त्यावर वायफाय कॉलिंग वापरल्यास घरभर संभाषण शक्य होते. काही कंपन्या अशी जोडणी बाह्य उपकरणासह स्वतः बसवून देतात. उपकरण स्वतः खरेदी करावयाचे असल्यास भारतात मान्यताप्राप्त असलेलेच घ्यावे व पक्के बिल ठेवावे.

राउटर बसविताना केबलकडे विशेष लक्ष द्यावे. राउटर घरात व अँटेना छपरावर ठेवून मध्ये दहा मीटर पातळ अँटेना-केबल जोडल्यास १८०० मेगाहर्ट्झला ८ ते १० डेसिबल सिग्नल केबलमध्येच नष्ट होतो, म्हणजे चांगल्या अँटेनाचा सारा लाभ वाया जातो. त्याऐवजी बाहेर लावण्याजोगा राउटरच छपरावर बसवावा व तेथून घरात इथरनेट केबल आणावी. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते व त्याच केबलमधून राउटरला वीजही देता येते. अँटेना टॉवरच्या दिशेने थोडीथोडी फिरवून प्रत्येक वेळी डीबीएम पाहावा व सर्वोत्तम आकडा मिळेल त्या दिशेला ती घट्ट करावी.

सुरक्षितता : छपरावरील खांब विजेच्या तारांपासून पुरेशा अंतरावर असावा. तो उभारताना पडला तरी तारेला स्पर्श होणार नाही, अशी जागा निवडावी. खांबास स्वतंत्र भूयोजन म्हणजे अर्थिंग करावे व केबल घरात शिरते तेथे सर्ज संरक्षक बसवावा. विजांच्या गडगडाटात केबल हाताळू नये व छपरावर चढू नये.

वीजपुरवठा : बहुतेक राउटर १० वॅटच्या आसपास वीज घेतात. सहा तासांच्या भारनियमनासाठी सुमारे ६० वॅट-तास क्षमतेचा लहान डीसी यूपीएस पुरेसा ठरतो.

सिग्नलच नसल्यास

छपरावरही सिग्नल कमकुवत असेल, तर प्रथम अन्य कंपन्यांच्या सिमवर मोजमाप करावे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ मधील नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवाव्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवणे आवश्यक आहे, तेही पाहावेत. दुसऱ्या कंपनीची सेवा सरस आढळल्यास क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. त्यासाठी इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द व त्यापुढे आपला मोबाइल क्रमांक लिहून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा. दोन सिमचा हँडसेट वापरून दोन कंपन्यांची सेवा ठेवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे.

कोणत्याच कंपनीची सेवा पोहोचत नसल्यास सामूहिक पाठपुरावा करावा लागतो. सेवेपासून वंचित गावांत फोर-जी पोहोचविण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला असून त्यात २४,६८० गावांचा समावेश करण्यात आला. त्याचप्रमाणे डिजिटल भारत निधीच्या साहाय्याने उभारलेल्या फोर-जी टॉवरवर एकापेक्षा अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा घेता यावी, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. आपल्या परिसरात असा टॉवर असल्यास फोनच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंग’ व नेटवर्कची स्वयंचलित निवड सुरू ठेवून पाहावे.

तक्रार करताना आधी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे आणि त्यानंतर ‘सीपीग्राम्स’ या पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते. अर्जात ‘रेंज नाही’ एवढेच न लिहिता ठिकाण, दिनांक, वेळ व डीबीएमचे आकडे द्यावेत. दहा-बारा घरांच्या नोंदी व ग्रामसभेचा ठराव जोडल्यास कंपनीला दोष शोधणे सुलभ होते. आवश्यक वाटल्यास कंपनी स्वतः प्रमाणित रिपीटर किंवा लहान टॉवर बसवू शकते. तो अधिकार तिला आहे व तिचे अभियंते त्याचे प्रवर्धन जाळ्याला अनुरूप ठेवतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• गावभेटीच्या वेळी ग्रामपंचायत, शाळा, दूध संकलन केंद्र व वस्त्या येथील डीबीएम नोंदवून गावाचा साधा सिग्नल-नकाशा तयार करावा. आपत्तीच्या वेळी संदेश कोठे पोहोचणार नाही, हे त्यावरून आधीच कळते.

• कमकुवत सिग्नलच्या वस्त्यांसाठी लघुसंदेशावर भर द्यावा. संभाषण किंवा चित्रफीत जेथे पोहोचत नाही, तेथेही लघुसंदेश बहुधा पोहोचतो. मोठ्या आकाराच्या चित्रफितींऐवजी मजकूर व लहान छायाचित्रे पाठवावीत.

• शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात सामाईक वायफाय व वायफाय कॉलिंगची सोय उपलब्ध करून देण्यास प्रोत्साहन द्यावे.

• एखाद्या घरी बूस्टर आढळल्यास दटावणीचा सूर न लावता त्याचे तांत्रिक दुष्परिणाम समजावून सांगावेत. उपकरणाचा वीजपुरवठा बंद करून दोन्ही अँटेना उतरवून ठेवण्याचा सल्ला द्यावा व वर दिलेल्या वैध पर्यायांची माहिती द्यावी. बूस्टर बंद केल्यानंतर शेजारच्या घरांतील आकडे व संभाषणाचा दर्जा यांची पुन्हा नोंद घ्यावी. सेवेत सुधारणा दिसल्यास ती संपूर्ण गावाला दाखविता येते.

ओढ्याच्या पाण्याप्रमाणे रेडिओ लहरींचा पट्टाही गावाचा सामाईक असतो. वरच्या शेतकऱ्याने मोठा पंप लावला तर खालच्याच्या पिकाला पाणी उरत नाही. घरातील रेंज सुधारण्याचा प्रयत्न जरूर करावा; तो शेजाऱ्याची रेंज न घालविता करण्याचे मार्ग आज उपलब्ध आहेत आणि त्यांचा आरंभ तीन दिवसांच्या मोजमापापासून होतो.